घरचा प्रोटीन स्किमर: एक दिवस पूर, दुसऱ्या दिवशी दुष्काळ

समुद्रखूळ

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागतो.

टँक खाऱ्या पाण्याचा, १८० लिटरचा. खाली ६० बाय ३० सेंमीचा सम्प (टँकचं पाणी जिथे उतरून परत वर जातं ती जोडटाकी), त्यात कप्पे वगैरे काही नाहीत, नुसती काचेची पेटी. दोन क्लाउनफिश, एक गोबी, थोडे झोआ आणि मश्रूम कोरल. सात महिने झाले. खारेपणा ३५ पीपीटी, रिफ्रॅक्टोमीटरने मोजलेला.

स्किमर म्हणजे पाण्यातली घाण बुडबुड्यांच्या फेसाबरोबर वरच्या कपात गोळा करणारं यंत्र. विकतचा न घेता हौसेने स्वतः बांधला. अंग ११० मिमीच्या पीव्हीसी पाइपचं, उंची ६० सेंमी. वर रिड्यूसर आणि ५० मिमीची मान. मान पारदर्शक अ‍ॅक्रिलिक नळीची, म्हणजे आत काय चाललंय ते दिसतं. कप म्हणजे झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, तळाला भोक पाडून मानेवर बसवलेला. तळाशी लाकडी एअरस्टोन, एअर पंपाची हवा बारीक बुडबुड्यांत सोडणारा. पाणी वरून आत शिरतं आणि खालून बाहेर पडतं, बुडबुडे खालून वर येतात. बाहेर जाणाऱ्या पाइपला तळाशीच बॉल व्हॉल्व्ह आहे आणि तो सम्पच्या पाण्यात बुडालेला असतो. पाणी चढवणारा पंप ताशी १००० लिटरचा, पूर्ण उघडा.

पहिला आठवडा फेसाचा पत्ता नव्हता. मग एका सकाळी कप भरून वाहिला, आणि कपात काय तर जवळजवळ स्वच्छ पाणी! व्हॉल्व्ह थोडा उघडला. दुसऱ्या दिवशी फेस मानेच्या पार खाली बसलेला. व्हॉल्व्ह केसभर बंद केला. तिसऱ्या दिवशी सकाळी परत पूर. गेले दोन आठवडे हेच चाललंय. शिवाय टँकमध्ये बारीक बुडबुड्यांचं धुकं. घरचे त्याला ‘आजारी कारंजं’ म्हणायला लागलेत.

मला वाटतं मान जास्त रुंद झाली. बारीक करू का? की एअर पंप मोठा आणू?

नळजोड

मान राहू दे. आधी तो बॉल व्हॉल्व्ह काढ. पाव फेऱ्यात पूर्ण बंद होणारी चीज आहे ती, तिने बारीक ताबा कसा ठेवणार? गेट व्हॉल्व्हला तेवढ्याच कामाला कित्येक फेरे लागतात.

आणि एअरस्टोन कुठल्या लाकडाचा? एकाने ‘लाइमवुड’ वाचून लिंबाच्या झाडाची फांदी कापली होती, म्हणून विचारतो. लाइमवुड म्हणजे लिंडेनचं लाकूड, लिंबाशी त्याचा काही संबंध नाही.

जुना_पाणक्या

समुद्रखूळ, एकच सांगा. उडून गेलेल्या पाण्याची भर किती दिवसांनी घालता? आणि कधी?

समुद्रखूळ

स्टोन तयार आणलेला आहे, फांदी नाही :)

भर दर दुसऱ्या दिवशी रात्री झोपायच्या आधी घालतो. पाच लिटरचा कॅन, आरओचं पाणी. त्याचा इथे काय संबंध?

जुना_पाणक्या

सगळा संबंध तिथेच आहे. पूर नेहमी सकाळी येतो आणि एक दिवस सोडून येतो, हे तुम्हीच लिहिलंय.

हिशोब करा. सम्पचं क्षेत्रफळ १८०० चौरस सेंमी. कप्पे नाहीत, म्हणजे पाच लिटर उडालं की पातळी पावणेतीन सेंमी खाली जाते आणि कॅन ओतला की तेवढीच वर येते. तुमचा व्हॉल्व्ह सम्पच्या पाण्यात बुडालेला आहे. स्किमरमधली पातळी म्हणजे सम्पची पातळी अधिक व्हॉल्व्हने अडवून धरलेली उंची. सम्प पावणेतीन सेंमी हलला की स्किमरही निदान तेवढा हलणार. अंगात हे कळतही नाही. पण खेळ मानेच्या बुडाशी चालतो, तिथे पावणेतीन सेंमी म्हणजे पूर आणि दुष्काळ यांतलं अंतर. तुम्ही व्हॉल्व्ह फिरवता तेव्हा कालच्या सम्पसाठी जुळवता, आणि रात्री सम्पच बदलता.

म्हणून गेट व्हॉल्व्ह लावूनही हा आजार जाणार नाही, फक्त चुकीची जुळणी जास्त नेमकेपणाने करता येईल. (नळजोड, रागावू नका. तो व्हॉल्व्ह लागणारच आहे, पण दुसऱ्या जागी.)

बाहेर जाणारा पाइप तळातून काढून स्किमरच्या बाजूने उभा वर न्या. ३२ मिमीचा चालेल. वर टी (तीन तोंडांचा जोड) बसवा. टीच्या आडव्या तोंडातून पाणी खाली सम्पमध्ये पडेल. टीचं वरचं तोंड उघडं ठेवा, तिथे टोपी लावायचा मोह होतो. आता स्किमरची पातळी त्या टीची उंची ठरवेल, सम्प वरखाली झाला तरी फारसं बिघडणार नाही. टीच्या खालचा तुकडा सिमेंट (पाइप चिकटवायचा गोंद) न लावता नुसता दाबून बसवा, म्हणजे उंची बदलता येते. थोडं ठिबकलं तर सम्पमध्येच ठिबकेल.

टी किती उंच? इथे मी पहिल्या स्किमरला फसलो होतो. मानेच्या बुडाशी पाणी हवं म्हणून टी बरोबर त्याच उंचीला बसवली आणि अर्ध्या तासात फरशी पुसत होतो. स्किमरच्या अंगात पाणी आणि हवा यांचं मिश्रण असतं, ते नुसत्या पाण्यापेक्षा हलकं. उभ्या पाइपात मात्र नुसतं पाणी. मिश्रणात दहा टक्के हवा असेल तर पाइपातलं ५० सेंमी पाणी आत साधारण ५५ सेंमी उंच स्तंभ तोलून धरतं. म्हणून टी मानेच्या बुडापासून सहा-सात सेंमी खाली ठेवून सुरुवात करा आणि अर्धा-अर्धा सेंमी वर न्या.

आता धुकं. पंपाच्या डब्यावर १००० लिहिलंय, उंची धरून ८०० येत असतील. ११० मिमीच्या पाइपात आतली जागा सुमारे ८५ चौरस सेंमी. म्हणजे पाणी सेकंदाला अडीच सेंमीहून जास्त वेगाने खाली चाललंय. पाव मिमीचा बुडबुडा स्थिर पाण्यात वर चढतो तोच मुळात सेकंदाला दोन-अडीच सेंमीने. तो बिचारा चढणार कसा? पाण्याबरोबर खाली जातो, बाहेर पडतो आणि तुमच्या टँकमध्ये धुकं होतो. नळजोड म्हणतात तो गेट व्हॉल्व्ह आत येणाऱ्या पाण्यावर लावा आणि प्रवाह ताशी ४०० लिटरवर आणा. बादली आणि घड्याळ घ्या, मिनिटाला साडेसहा-सात लिटर. खालचा वेग निम्मा होईल आणि पाणी बुडबुड्यांच्या सहवासात दुप्पट वेळ राहील. घाण बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटते, त्याला तो वेळ लागतोच.

मान बदलू नका. फेस मानेतून सावकाश चढताना त्यातलं पाणी निथळून खाली जायला हवं, त्याला ५० मिमी ठीक आहे. मोठा एअर पंप आज आणलात तर पूर आणखी मोठा येईल, एवढंच.

पहिल्या आठवड्यात फेस नव्हता तो दोष नाही. नव्या पाइपावर, नळीवर तेलकट थर असतो, सिमेंटचेही अवशेष असतात. व्हिनेगर घातलेल्या पाण्याने आतून धुवून घेतलं तर लवकर मार्गी लागतो, पण तरी काही दिवस जातातच.

आणि हवेच्या नळीवर पितळी कॉक असेल तर आजच काढा. खाऱ्या हवेत पितळ गंजतं, त्यातलं तांबं कोरल, गोगलगायी, कोळंबी यांना विष आहे. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, नाहीतर वीज गेली की नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरेल.

शेवटी, एका दिवसात एकच बदल. पेनने खूण करा आणि २४ तास हात खिशात. हात शिवशिवणं हा या छंदातला सगळ्यात मोठा रोग आहे.

शेवाळशत्रू

एक शंका, वाद म्हणून नव्हे. एवढा खटाटोप करून निघतं किती? २००९ मध्ये पेन स्टेट विद्यापीठातल्या केन फेल्डमन यांनी वेगवेगळे स्किमर मोजले होते. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी २०-३० टक्केच निघाला, कंपनी कोणतीही असो. मी स्किमर काढून नुसतं पाणी बदलतो.

जुना_पाणक्या

बरोबर आहे, आणि तोच आकडा मला घरगुती स्किमरच्या बाजूने वाटतो. महागड्या यंत्रांचीही धाव तेवढीच असेल तर पाइपाच्या तुकड्याने लाजायचं कारण नाही. शिवाय निघतं ते सडायच्या आधी निघतं, आणि इतकी हवा मिसळल्याने रात्रीचा प्राणवायू टिकतो. दोन क्लाउनफिश आणि नियमाने पाणीबदल असेल तर स्किमरशिवायही चालतं, नाही म्हणत नाही.

समुद्रखूळ

बारा दिवसांनी परत आलो.

पितळी कॉक होताच. काढला. टोकाला हिरवं साचलेलं बघून पोटात गोळा आला.

उभा पाइप केला. टीचं तोंड उघडं ठेवा असं ठळक अक्षरांत लिहूनही मी ते बंद केलं, कारण खळखळ आवाज येत होता. मग जे सांगितलं नव्हतं तेही कळलं: पाइप पाणी ओढून घेतो, स्किमर निम्मा रिकामा होतो, मग डुर्रर्र करून हवा घेतो, परत भरतो. दर दोन मिनिटांनी. टोपी काढली, थांबलं. आवाजासाठी आडव्या तोंडाला एल्बो लावून पाइप सम्पच्या पाण्यापर्यंत नेला, आता शांत आहे.

प्रवाह मिनिटाला पावणेसात लिटर. धुकं दुसऱ्या दिवशी गेलं. टी मानेच्या बुडापासून पाच सेंमी खाली जमली. कपात पहिले चार दिवस फिक्या चहासारखं पाणी आलं, मग अर्धा सेंमी खाली आणली. आता तीन दिवसांत दोन बोटं गडद, हिरवट-काळं. वास असा की कप घराबाहेर नेऊन धुवावा लागतो. भर अजूनही रात्रीच घालतो, मुद्दाम. कप वाहिला नाही.

दोन गोष्टी विचारायच्यात. मधे एक कोरल इपॉक्सीने दगडावर चिकटवलं आणि तासाभरात स्किमरच्या अंगात आलं, कप दोनदा भरला. आणि खाणं घातलं किंवा टँकमध्ये हात घातला की उलट फेस एकदम बसतो. जुळणी बिघडली का?

नळजोड

हातावरचं तेल, खाण्यातलं तेल, दोन्हींनी फेस मरतो. काही तासांत परत येतो. इपॉक्सीचं उलट. त्या दिवशी हवा बंद ठेवायची किंवा टी खाली सरकवायची. पाण्यातलं क्लोरीन घालवणारं, माशांच्या अंगावरचा चिकट थर वाढवणारं औषध घातलंत तरी इपॉक्सीसारखंच होईल.

जुना_पाणक्या

जुळणीला हात लावू नका. महिना-दीड महिन्याने फेस रोज थोडाथोडा खाली बसायला लागेल, तेव्हा टी वर सरकवावीशी वाटेल. ती सरकवू नका. लाकडी स्टोन चोंदला की हवा कमी होते, हवा कमी झाली की मिश्रण जड होतं आणि पातळी आपोआप उतरते. स्टोन बदला, पातळी जिथल्या तिथे येईल. टी वर करून ठेवलीत आणि मग नवा स्टोन घातलात, तर मी त्या अर्ध्या तासात पुसली तशी फरशी तुम्हीही पुसाल.