फुकट आहे, पण हाताला लागत नाही

एकांनी विचारलंय, ‘उपग्रहांच्या चित्रांचा डेटा फुकट आहे, मग तो वापरायला अडलंय कुठं?’ सांगतो. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रं 2008 पासून फुकट, युरोपचे सेंटिनेल-2 उपग्रह तर दर पाच दिवसांनी, एक ठिपका 10 मीटरचा, असं चित्र देतात. माझ्या भाचीला ऑगस्ट 2019 च्या पुरात निपाणीकडं वेदगंगा-दूधगंगेचं पाणी कुठवर चढलं ते काढायचं होतं. सेंटिनेल-2 उघडलं, तर नुसते ढग! मग सेंटिनेल-1 उपग्रहाचं रडारचं चित्र घेतलं, ते ढगांतूनही बघतं. पण एकेक फाइल जीबीभर, आणि पावसात आमचं नेट कसं चालतं ते सीमाभागातल्यांना सांगायला नको.

शेवटी गूगल अर्थ इंजिननं तारलं. फाइल उतरवायचीच नाही, हिशेब तिकडंच गूगलच्या संगणकांवर होतो. तरी रडारमधलं डेसिबल म्हणजे जमिनीवरून परत आलेल्या लहरींच्या ताकदीचं माप, हे कळायलाच पंधरवडा गेला. सोप्या भाषेत सांगणारं पान कुठं आहे?

रडारच्या नकाशात उघडं रान काळं दिसलं, म्हणजे पाणी. उभ्या उसातलं पाणी मात्र नीट पकडलंच जात नाही, आणि आमच्याकडं ऊसच ऊस! तिथं शेजारच्या आजोबांनी गोठ्याच्या भिंतीवर दाखवलेली गाळाची रेघच कामी आली.