मदत हवी आहे: इलेक्ट्रिक ब्रशचा लाल दिवा बंद कसा करायचा?

सातपूरकर
नवीन ब्रश घेतलाय. घासायला लागलं की लाल दिवा लागतो आणि मोटर मंदावते. रोजचा वैताग झालाय. हा दिवा बंद करायची सेटिंग कुठे असते? सकाळी कंपनीची बस असते, त्यामुळे प्रवचन नको.

अश्विनी_इंदिरानगर
कुठला ब्रश? गोल हेडचा की लांबट? ब्रिसल सॉफ्ट आहेत का? मोड कुठला? काहीच लिहिलं नाहीत.

वायरवाला
चार्जरची पिन सॉकेटमध्ये सैल बसत असेल तर कन्व्हर्टर लावा, मेनरोडला कुठेही मिळेल. बाथरूममध्ये मात्र चार्ज करू नका.

सातपूरकर
चार्जिंगबद्दल विचारलंच नाहीये. गोल हेड आहे. मोड जो आला तोच. दिवा??

कॉलेजरोड_७
दिवा बंद करू नका हो, तो प्रेशर सेन्सर आहे. तुम्ही जास्त दाबताय म्हणून लागतो.

सातपूरकर
ते मॅन्युअलमध्ये वाचलंय. पण हलका धरला की घासल्यासारखंच वाटत नाही. लहानपणापासून रगडून घासतोय, तोंड स्वच्छ लागतं.

अश्विनी_इंदिरानगर
हिरड्यांतून रक्त येतं का?

सातपूरकर
थोडं. आणि वरच्या सुळ्याला थंड पाणी लागलं की कळ जाते. पण तो वेगळा विषय आहे.

अश्विनी_इंदिरानगर
अहो वेगळा कसला, हाच तर विषय!

पंचवटीच्या काकू
या मशिनी कशाला हव्यात? आमच्या सासूबाईंनी जन्मभर राखुंडीने दात घासले, शेवटपर्यंत ऊस सोलून खायच्या. कडुलिंबाची काडी वापरून बघ बाळा.

कॉलेजरोड_७
काकू, राखुंडी खरखरीत असते, दात झिजतात. आणि मिश्री लावणाऱ्यांनी तर लगेच सोडावी, तिच्यात तंबाखू असतो.

पंचवटीच्या काकू
मिश्रीचं नाव मी काढलंच नव्हतं. नीट वाचत जा.

बायको_डेंटिस्ट
घरात विचारून लिहितोय. साध्या ब्रशला हात हलवावा लागतो, इथे हलवायचं काम मोटर करते. तुम्ही वरून पुन्हा मागे-पुढे रगडलंत की हिरडी दातावरून मागे सरकते, मूळ उघडं पडतं, आणि मुळावर इनॅमल नसतं. म्हणून थंड लागतं. मूठ आवळून धरू नका, पेन धरतो तसा बोटांनी धरा. ब्रश दाताला टेकवा, मग बटण दाबा (आरशावर शिंतोडेही उडत नाहीत). गोल हेड एकेका दातावर दोन-तीन सेकंद नुसतं ठेवायचं, हिरडीच्या कडेकडेने पुढच्या दातावर न्यायचं. एकूण दोन मिनिटं. बहुतेक ब्रश दर ३० सेकंदांनी थरथरतात, ती जागा बदलायची खूण.
रक्त येतंय म्हणून घासणं थांबवू नका, कडेला कीटण (प्लाकचा चिकट थर) साचलं तरी रक्त येतं. हळू घासूनही दोन आठवड्यांत थांबलं नाही तर दाखवा. सरकलेली हिरडी आपोआप जागेवर येत नाही.

सातपूरकर
दाब किती ते कळणार कसं? माझ्या हाताला हलकाच वाटतो.

बायको_डेंटिस्ट
स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर ब्रश घासताना दाबता तसा टेकवा. दीडशे ग्रॅमच्या आसपास पुरे.

सातपूरकर
बघितलं. चारशेच्या वर जातंय. काटा बिघडलाय बहुतेक.

कॉलेजरोड_७
😂 हो हो, काटाच बिघडलाय.

सोनिकच_भारी
गोल हेड टाकून द्या, लांबट सोनिक घ्या. हळुवार असतो.

गंगापूररोडचा
उगाच खर्चात पाडू नका. २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात (त्यात अनेक अभ्यास एकत्र तपासतात) इलेक्ट्रिक ब्रशने साध्यापेक्षा कीटण कमी राहतं असं आलंय, तीन महिन्यांनंतर २१ टक्के. त्यातही सगळ्यात जास्त पुरावा गोल फिरणाऱ्यांचाच होता.

सोनिकच_भारी
आढावे वाचून दात घासत नाही कुणी. मी वापरतोय, मला माहितीये.

अश्विनी_इंदिरानगर
भांडण बाजूला ठेवा. सातपूरकर, पेस्ट कुठली? आणि घासण्याआधी काही पिता का?

सातपूरकर
दात पांढरे करणारी पेस्ट. उठल्यावर लिंबूपाणी, मग लगेच ब्रश. का?

अश्विनी_इंदिरानगर
लिंबाने इनॅमल काही वेळ मऊ पडतं, आणि त्यावर तुम्ही चारशे ग्रॅमने खरखरीत पेस्ट घासताय! आधी ब्रश, मग लिंबूपाणी. पेस्ट साधी फ्लोराइडची किंवा सेन्सिटिव्हवाली घ्या. मोडही सेन्सिटिव्हवर ठेवा.

मिसळ_रविवार
हिरडी दुखत असताना मिसळ खाऊ नका, तर्री झोंबते. पंचवटीत झणझणीत नसलेली कुठे मिळते?

पंचवटीच्या काकू
झणझणीत नसलेली म्हणजे मटकीची उसळ. ती घरी कर.

सातपूरकर
सेन्सिटिव्ह मोड सापडला. आज पेनसारखा धरला, दिवा एकदाच लागला, डावीकडच्या दाढांना. तिथे हात वळतच नाही.

बायको_डेंटिस्ट
त्या बाजूला तोंड अर्धंच उघडा, गाल सैल पडतो आणि हेड आत जातं. सुळा मात्र दाखवून घ्या. खर्चाची काळजी असेल तर पंचवटीत केबीएच डेंटल कॉलेज आहे.

सातपूरकर
शनिवारी ओपीडी असते का तिथे?