एमटीबीला चाक २७.५ चं की २९ चं? जोतिबा, मसाई पठार आणि रोजचा रस्ता

रंकाळा_पेडल

मंडळी, हार्डटेल एमटीबी (फक्त पुढं सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल) घ्यायची आहे. उंची १६२ सेंमी, इनसीम (जांघेपासून टाचेपर्यंत) ७४ सेंमी, वजन ६६ किलो. कोल्हापुरातून आठवडाभर गोकुळ शिरगावला ये-जा, रविवारी केर्लीवरून जोतिबा, नाहीतर पन्हाळा आणि पुढं मसाई पठार. दोन सायकली समोर आहेत. एक एस (स्मॉल) फ्रेम २७.५ इंची चाकाची, दुसऱ्या कंपनीची एस फ्रेम २९ ची. दोन्हीला १०० मिमी दबणारा फोर्क (पुढचं सस्पेन्शन), पेडलपाशी एकच ३२ दाती चेनरिंग, मागच्या चाकावर ११ ते ४२ दातांची कॅसेट, १६० मिमीचे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. दुकानदार म्हणतो, २७.५ आता संपत आलंय, २९ च घ्या. घरात डिस्क ब्रेकची जुनी २६ ची सायकलपण पडून आहे. तिच्यातच २७.५ ची चाकं बसतील का, हाही विचार डोक्यात आहे. जाणकारांनी सांगावं.

जांभा_कातळ

भावा, आधी मापं बघ. २६, २७.५, २९ हे इंचांतले ढोबळ आकडे आहेत. खरं माप टायरच्या बाजूला छापलेलं असतं, ५७-५५९, ५७-५८४, ५७-६२२ असं. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिमीमध्ये. २६ आणि २७.५ मध्ये २५ मिमीचा फरक, २७.५ आणि २९ मध्ये ३८ चा. म्हणजे २७.५ मधोमध नाही, ते २६ च्या जवळ आहे. "दोन्हीचे गुण एकात" ही जाहिरात तेवढ्यावरच जरा सैल पडते.

आता दगड ओलांडायचं. ८ सेंमी उंच जांभ्याचा दगड आडवा आला तर टायर त्याला कुठल्या कोनात भिडतो याचं गणित मांडलं, तर २.२५ च्या टायरला २९ वर साडेअडतीस अंश येतात आणि २७.५ वर साडेएकोणचाळीस. फरक एका अंशाचा. त्यामुळं एकट्या दगडाला २९ नं जादू होत नाही. फरक कळतो तो सलग खडबडीत वाटेवर, जिथं मोठं चाक प्रत्येक खळग्यात थोडं कमी उतरतं आणि वेग टिकतो. मसाई पठारावरची गाडीवाट बरीचशी अशीच आहे.

पण तुझ्या उंचीला पहिला प्रश्न फ्रेमचा. रोजचे बूट घालून टॉपट्यूब (सीट ते हँडलची वरची नळी) दोन पायांमध्ये घेऊन जमिनीवर उभा राहा, नळी आणि जांघेच्या मध्ये ४ सेंमी तरी मोकळे पाहिजेत. इनसीम ७४ म्हणजे त्या जागी ट्यूबची उंची ७० च्या आत. मग सीटवर बसून पेडल आडवी कर, पुढचा पाय तसाच ठेवून हँडल ४५ अंश वळव. बुटाचं टोक टायरला लागलं तर ती फ्रेम सोड. आजकालच्या लांब फ्रेममध्ये सहसा लागत नाही, जुन्या मापाच्या छोट्या २९ मध्ये लागतं. तिसरी गोष्ट हँडलची उंची. २९ मध्ये फोर्क लांब असल्यानं हँडल वर जातं, चढावर पुढचं चाक हलकं पडतं. हँडल धरणाऱ्या स्टेमखालचे स्पेसर (चकत्या) काढून वर लावता येतात, स्टेम उलटा करता येतो. तेवढं करूनही हँडल सीटच्या बरंच वर राहत असेल तर २७.५ घे. काही कंपन्या त्याच मॉडेलच्या एक्सएस आणि एस फ्रेमला मुद्दाम २७.५ देतात, ते याच कारणानं.

गिअरचं कुणी दुकानात सांगत नाही. २९ चं चाक एका फेऱ्यात २२९८ मिमी जातं (२.२ टायर), २७.५ चं २१८२ (२.२५ टायर). तुझ्या सगळ्यात हलक्या गिअरला, ३२ पुढं ४२ मागं, पेडलच्या एका फेऱ्यात २९ वर १.७५ मीटर, २७.५ वर १.६६. जोतिबाच्या चढाला ही तफावत गुडघ्यांत उतरते. २९ घेतलीस तर पुढं ३० दाती बसवून घे, १.६४ येतात. दोन दात कमी झाल्यावर चेनची एक जोडी कडी काढावी लागेल का तेही तिथंच बघून घे.

चढ_उतार

वरच्या भावांचं गणित बरोबर, पण निकाल माझ्या मते २९ कडंच जातो. फ्रेम बसत असेल तर.

चाकाच्या वजनाचा बाऊ होतो. सारखे भाग घेतले तर २९ चं चाक टायर-ट्यूबसकट साधारण शंभर-दीडशे ग्रॅमनं जड. वेग वाढवताना ते जाणवतं, म्हणजे दसरा चौकात सिग्नल सुटला की. केर्लीवरून एकसारख्या संथ वेगानं चढताना मात्र वजन चाकात असो की पाठीवरच्या पाण्यात, चढवायला तेवढंच लागतं. अर्धा लिटर पाणी जास्त घेऊन निघणाऱ्यानं १५० ग्रॅमवर वाद घालू नये.

आणि उंची कमी म्हणून २९ नकोच, असंही नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या एमटीबी शर्यतीत चेक रेसर कुल्हावी २९ वर होता, स्वित्झर्लंडचा शुर्टर २७.५ वर. सोनं २९ ला गेलं, अगदी एका सेकंदाच्या फरकानं. २०१६ ला शुर्टर स्वतः २९ वर गेला आणि रिओत सोनं जिंकला. त्याची उंची १७३ सेंमी, म्हणजे तोही काही ताडमाड नाही. अर्थात त्याची फ्रेम आणि तुमची फ्रेम यांत फरक आहेच.

एक गोष्ट २९ च्या विरोधात सांगतो, कारण ती उतारावर कामाची आहे. चाक मोठं झालं की त्याच रोटरचा (ब्रेकच्या चकतीचा) ब्रेक पाच टक्के कमी लागतो. पन्हाळ्यावरून उतरताना १६० चा रोटर तापतो, लिव्हर मऊ लागायला लागतो. पुढं १८० चा रोटर आणि +२० चा अ‍ॅडॅप्टर टाका, साडेबारा टक्के ताकद वाढते. आधी फोर्कवर कमाल रोटर किती चालतो ते वाचा. आणि सायकल कॉम्प्युटर लावला तर चाकाचं माप बदला. २९ वर २१८२ तसंच राहिलं तर ५० किमीला ४७.५ दाखवेल, आणि मग लोक म्हणणार जोतिबा जवळ आला.

उद्यमनगर_स्पॅनर

जुन्या २६ बद्दल. बसेल की नाही ते विकत घ्यायच्या आधी पट्टीनं कळतं. २७.५ ला २.१ टायर लावला तर चाकाच्या धुऱ्याच्या मध्यापासून टायरच्या माथ्यापर्यंत साधारण ३४५ मिमी होतात. त्यात चिखलासाठी ६ मिमी धरा, झाले ३५१. धुऱ्याच्या मध्यापासून फोर्कच्या कमानीपर्यंत, मागं चेनस्टेच्या (धुऱ्यापासून पेडलकडं जाणाऱ्या नळ्या) पुलापर्यंत आणि सीटस्टेच्या (सीटकडं जाणाऱ्या नळ्या) पुलापर्यंत मोजा. तिन्हीकडं ३५१ मिळाले तर पुढचं बोलू. रुंदीला टायर ५३ आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा, म्हणजे ६५ मिमी मोकळे हवेत, तेही चेनस्टेच्या पुढच्या भागात जिथं ती अरुंद होते. बहुतेक २६ च्या फ्रेम इथंच नापास होतात.

फोर्कची एक तपासणी लोक विसरतात. हवा किंवा स्प्रिंग काढून फोर्क पूर्ण दाबा आणि टायर क्राउनला (फोर्कच्या वरच्या जोडाला) लागतो का बघा. उभ्या सायकलला जागा दिसते, उतारावर फोर्क तळाला गेला की टायर अडकतो आणि माणूस हँडलवरून पुढं. यात चालढकल करू नका.

डिस्क असल्यानं ब्रेकची अडचण नाही, व्ही-ब्रेक असता तर पॅड साडेबारा मिमी वर न्यावे लागले असते. पण हब बघा. जुन्या फ्रेमला पुढं १०० आणि मागं १३५ मिमीचा क्विक रिलीज (लिव्हरनं सुटणारा धुरा) असतो. आजची बूस्ट (रुंद हबची) चाकं ११० आणि १४८ ची, आरपार जाड धुऱ्याची म्हणजे थ्रू-अ‍ॅक्सलवाली, ती बसत नाहीत. मागं जुना चुडीचा सात गिअरचा फ्रीव्हील असेल तर नवीन हबला तो चालत नाही, कॅसेट, शिफ्टर, डिरेलर सगळंच ओढलं जातं. एवढा खर्च जुन्या फ्रेमवर करू नये. तिला चांगला २.२५ चा २६ टायर टाका आणि पावसाळ्यात तीच वापरा. २६ चा टायर-ट्यूब अजून बाजारात सगळीकडं मिळतो.

पुढं २९ मागं २७.५ असंही कुणी सुचवेल. ते मागचं सस्पेन्शन असलेल्या उताराच्या सायकलींसाठी ठीक. हार्डटेल २९ ला मागं लहान चाक लावलं तर मागची बाजू खाली बसते, बॉटम ब्रॅकेट (पेडलचा धुरा) उतरतं आणि पेडल दगडाला घासतं.

रंकाळा_पेडल

२६ चा विषय संपला, धन्यवाद. २९ ची फ्रेम बसून बघतो, ७० च्या आत आली तर ती, नाहीतर २७.५. टायर आणि हवेचं कुणीतरी सांगा. पठारावर पंक्चर आणि कापाकापीची भीती आहे.

जांभा_कातळ

चाकाच्या मापापेक्षा इथंच जास्त फरक पडतो. ६६ किलोला, ट्यूबसकट २.२५ टायर असेल तर पठारावर पुढं २५, मागं २८ पीएसआय. गोकुळ शिरगावच्या डांबरावर ३५-३८. ट्यूब असताना पठारावर २२ च्या खाली गेलास की दगडाच्या धारेवर ट्यूब रिमला चिमटून शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. तसं दिसलं तर काटा शोधत बसू नको, हवा कमी होती.

ट्यूबलेस (ट्यूब काढून टायरमध्ये भोक बुजवणारं सीलंट) केलंस तर पुढं २०-२२, मागं २३-२५. सीलंट २९ ला १०० मिली, २७.५ ला ९०. उन्हाळ्यात दोन महिन्यांनी टायर हलवून बघ, पाण्यासारखा आवाज आला नाही तर भर. बाभळीचा काटा सीलंट भरून काढतं, पण जांभ्याच्या धारेनं साइडवॉलला ५-६ मिमीचा काप गेला तर नाही भरत. त्याला प्लगची दोरी (कापात ठासायची चिकट रबरी दोरी), आणि कापाच्या आतून टायरचा जुना तुकडा.

पावसात ओल्या कातळावर शेवाळ असतं, तिथं २९ आणि २७.५ दोन्ही सारखीच घसरतात. मऊ रबराचा टायर थोडा टिकतो. काळ्या मातीची पाणंद मात्र टाळ. एस फ्रेमच्या २९ मध्ये मागं जागा कमी असते, चिखल भरून चाकच थांबतं.

चढ_उतार

एक राहिलं. जास्तीची ट्यूब स्वतःकडं ठेवाच. गावातल्या दुकानात २६ ची आणि जुन्या २८ च्या सायकलची ट्यूब मिळेल, २९ ची नाही. २७.५ ची ट्यूब २९ मध्ये ताणून घरी येता येतं. बारीक नोझलची प्रेस्टा ट्यूब असेल तर पितळी अ‍ॅडॅप्टर खिशात असू दे, पेट्रोल पंपावरची हवा त्याशिवाय भरत नाही. मोटरसायकलसारख्या जाड नोझलची ट्यूब घ्यायची तर रिमचं भोक आधी बघा, साडेसहा मिमीचं असेल तर ती जात नाही.