शब्दचर्चा: टुंड्राचं ‘हरितीकरण’?

मुक्ता: आर्क्टिक टुंड्रावरच्या एका लेखाचं भाषांतर तपासतेय. ‘ग्रीनिंग’ला हरितीकरण केलंय, ‘श्रबिफिकेशन’लाही (झुडपं वाढणं) तेच. खटकतंय. पर्याय सुचवा.

गवत्या: खटकणारच. हरितीकरण कुणीतरी करतं. पुण्यात तर हा शब्द ऐकला की टेकडीवर खड्डे खणून लावलेला ग्लिरिसिडियाच (ते परदेशी झाड) आठवतो. (त्याखाली गवताचं काय झालं ते विचारू नका.) तिकडे कुणी काही लावत नाहीये. ‘हिरवेपणा वाढणे’ लिहा. तोही उपग्रहाचा आकडा आहे: अवरक्त आणि लाल प्रकाशाच्या परावर्तनाची वजाबाकी भागिले त्यांचीच बेरीज. काय उगवलं हे त्यातून कळत नाही. बर्फ लवकर वितळला तरी उन्हाळ्याची सरासरी चढते, आणि पाणी साचलं की काठावर गवत माजलं असूनही आकडा पडतो. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका ३० मीटरचा, त्यात डबकं, झुडूप, खडक सगळं एकत्र.

रोहिणी: झुडपं जमिनीवरच मोजावी लागतात. जमिनीवर खुंट्या ठोकून आखलेल्या चौकटीत साधारण १०० बिंदू. प्रत्येक बिंदूवर बारीक सळई सरळ खाली सोडायची आणि जमिनीला टेकेपर्यंत जे जे लागेल ते जातीसह लिहायचं. सळई जाड असेल तर आच्छादन फुगून दिसतं, वाऱ्यात पानं हलली की नोंद चुकते. सगळ्यात वाईट म्हणजे गोठण्या-वितळण्याने कोपऱ्याच्या खुंट्या वर येतात आणि काही वर्षांनी चौकट भलत्याच जागी बसते.

आंतरराष्ट्रीय टुंड्रा प्रयोगात १९९० पासून, वरून उघड्या छोट्या कक्षांनी तापमान १ ते ३ अंश वाढवून पाहतात. त्यात झुडपं वाढली, पण शेवाळी (मॉस) आणि शैवाक (लायकेन) घटले. म्हणजे ‘वनस्पती वाढल्या’ हेही अर्धंच. आणि हो, लायकेनला ‘शेवाळ’ लिहिलं असेल तर आधी ते काढा. ‘दगडफूल’ही नको, रेनडिअर चरतात ते शैवाक मुख्यतः जमिनीवरचे.

मुक्ता: लिहिलंय खरं! मग श्रबिफिकेशनला ‘झुडपांचा फैलाव’ चालेल?

गवत्या: फैलाव म्हणजे फक्त पसरणं. यात तीन गोष्टी येतात: आहे ते झुडूप उंच होणं, मधल्या मोकळ्या जागा भरणं, आणि झुडपांची सीमा उत्तरेकडे किंवा चढावर सरकणं. खुरटा बर्च, विलो, आल्डर हे मुख्य. मी ‘झुडपांची वाढ’ लिहीन आणि तिन्हींपैकी कोणती ते त्याच वाक्यात सांगेन.

मुक्ता: ‘ब्राउनिंग’? तपकिरीकरण?

रोहिणी: अजिबात नको. ‘हिरवेपणा घटणे’ लिहून पुढे कारण द्या. हिवाळ्यात मधेच ऊब येऊन बर्फ वितळतो, कळ्या जाग्या होतात आणि लगेचच्या कडाक्यात फांद्या मरतात. किंवा आग: २००७ मध्ये अलास्कात अनॅक्टुव्हुक नदीकाठी सुमारे १,००० चौरस किमी टुंड्रा जळाला. दोन्हींत आकडा पडतो, पण आगीनंतर काही वर्षांत तो पुन्हा चढतो, बऱ्याचदा गवताने. म्हणून वर्ष दिल्याशिवाय ‘घटला’ लिहू नका.