पगारातूनच संस्थेला 'देणगी', असं सगळीकडे असतं का?

सातपुड्याची_लेक
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) झाल्यावर साडेतीन वर्षं नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्या बाजूला एका संस्थेत आहे, कुपोषणाचं काम. संस्थेचं नाव लिहीत नाही, विचारूही नका. काम मला मनापासून आवडतं हे आधीच सांगते, नाहीतर पहिला रिप्लाय तोच येईल. पाड्यावर जाऊन बाळांची वजनं घ्यायची, दंडघेर मोजायचा, अंगणवाडीताईंबरोबर बसायचं, दिवाळीनंतर लोक ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि परत आले की तीच पोरं पुन्हा लाल पट्ट्यात, म्हणजे तीव्र कुपोषित, निघतात, तो सगळा संताप धरूनही आवडतं. पावरा बोली पण बऱ्यापैकी बोलते आता.

प्रॉब्लेम ऑफिसचा आहे. पगार कागदावर 24 हजार, फंडरच्या (प्रकल्पाला पैसे देणाऱ्यांच्या) बजेटमध्ये तेवढाच आणि बँकेतही तेवढाच येतो. पण दर महिन्याला त्यातले 6 हजार संस्थेला 'ऐच्छिक देणगी' म्हणून परत ट्रान्सफर करायचे. वर पावती मिळते, 80जीची, म्हणजे देणगीवर टॅक्स सवलत मिळते ती! मला टॅक्स बसतच नाही, त्या पावतीचं काय लोणचं घालू? एका मुलाने दोन महिने दिले नाहीत तर त्याची दुसऱ्या तालुक्यात बदली, आणि मंगळवारच्या मीटिंगमध्ये दादा (आमचे संस्थापक, सगळे दादाच म्हणतात) सगळ्यांसमोर म्हणाले, "काही जण इथे नोकरी करायला आलेत." नोकरी हा शब्द आमच्याकडे शिवीसारखा वापरतात, आपण सगळे कार्यकर्ते ना.

डोनर व्हिजिट असली की चार दिवस आधीपासून रात्री अकरापर्यंत ऑफिस, रविवार वगैरे विसरायचं. मागच्या पावसाळ्यात घाटात बाईक घसरली, पायाला प्लास्टर, तर ताईंचा फोन (दादांच्या मिसेस, एचआर त्याच, अकाउंट्स त्याच, ट्रस्टी पण त्याच), पहिला प्रश्न काय, तर टॅब फुटला का. संध्याकाळी त्याच ताई डबा घेऊन रूमवर आल्या, स्वतःच्या हाताने भरवलं आणि मला रडू आलं. सगळा घोळ तिथेच आहे, ही माणसं सरळ वाईट असती तर मी कधीच निघाले असते.

आई म्हणते सोड. पण सोडलं तर त्या पोरांचं काय, हे डोक्यातून जात नाही. शिवाय माझी ओरिजिनल मार्कशीट ऑफिसच्या कपाटात आहे. कुणी असं बाहेर पडलं असेल तर कसं पडलात?

जुना_झोळीवाला
ताई, टॅबवरून आठवलं, आमच्या वेळी जीप होती. मराठवाड्यात पाणलोटाचं काम, 2001 साल, मानधन 1800. वाढवून मागितलं तर आमचे भाऊ म्हणाले गांधीजी पंचावर राहिले. मी मनात म्हटलं भाऊ तुमचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, त्याची फी पंचातून जाते का, पण तोंडातून काही निघालं नाही, अकरा वर्षं निघालं नाही. सोडलं तेव्हा त्यांनी दोन संस्थांना फोन करून 'माणूस बरा नाही' सांगितलं, हे मला नंतर तिसऱ्याकडून कळलं. त्याची तयारी ठेवा.

आणि 'पोरांचं काय' याबद्दल. मी पण हेच म्हणायचो, माझ्या गावांचं काय. दोन वर्षांनी गेलो बघायला तर माझ्या जागी आलेला पोरगा माझ्यापेक्षा चांगलं काम करत होता. खरं सांगतो, थोडं वाईटच वाटलं.

फणसाचे_गरे
आमच्या आयटीत पण 'वी आर फॅमिली' चालतं पण निदान पगार परत मागत नाहीत हो 😄

ताळेबंद
मी संस्थांची ऑडिट करतो म्हणून थोडं कोरडं लिहितो. याला देणगी म्हणत नाहीत. फंडरला 24 दाखवून माणसाच्या हातात 18 ठेवणं म्हणजे खर्च फुगवून दाखवणं, पावती असली तरी, उलट पावती हा तुमच्याकडचा पुरावाच आहे. सगळ्या पावत्या, बँक स्टेटमेंट, व्हॉट्सॲपवरचे 'आठवण' मेसेज आधी घरच्या कुणाकडे पाठवून ठेवा. मोठ्या फंडरकडे तक्रारीसाठी वेगळा ईमेल असतो, धर्मादाय आयुक्तांकडेही जाता येतं, पण राग आलाय म्हणून आजच करू नका. मार्कशीट आधी. काहीतरी निमित्त काढून मागा.

माणसं किती आहेत? 20 किंवा जास्त असतील तर पीएफ लागू होतो, पासबुक सरकारच्या उमंग ॲपवर बघा. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात असं सांगून गप्प बसवतील, पण 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात आणि ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर एका वर्षानंतरही हक्क आहे, तेव्हा करार काढून वाचा. एक वाईट बातमी पण आहे. 1978 च्या बंगलोर वॉटर सप्लायच्या निकालात सुप्रीम कोर्टाने धर्मादाय संस्थाही 'उद्योग'मध्ये धरल्या होत्या, नव्या औद्योगिक संबंध संहितेने त्यांना व्याख्येतूनच बाहेर काढलंय. म्हणजे कामावरून काढलं तर भांडायची ती वाट अरुंद झाली. पगार आणि पीएफचं वेगळं, ते मागता येतं.

पाणंद
शिव्या पडतील तरी लिहितो, मी एक छोटी संस्था चालवतो. फंडर शाळेच्या बेंचला पैसे देतो, ऑफिसच्या भाड्याला देत नाही, अकाउंटंटला तर नाहीच. 2020 ला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली आणि एका संस्थेने परदेशी निधी दुसरीला द्यायचा नाही असं झालं. आमच्यासारख्यांना पैसा मोठ्या संस्थांकडूनच यायचा. चार जणांना घरी पाठवलं, मी सात महिने एक पैसा घेतला नाही. तेव्हा तुमच्या दादांना मोकळा पैसा कुठून आणायचा हा प्रश्न खराच पडला असणार.

पण त्याच काळात मीही मीटिंगमध्ये म्हटलं होतं, ज्याला जमेल त्याने 10 टक्के सोडा, अगदी ऐच्छिक. बाराच्या बारा जणांनी हो म्हटलं. मी घरी जाऊन बायकोला कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली एकानेही नाही म्हटलं नाही म्हणजे ऐच्छिक कसलं? पुढच्या महिन्यात बंद केलं, त्यातल्या दोघांचे पैसे अजून द्यायचेत.

थेम्सकाठची_मावशी
मी इकडे इंग्लंडमध्ये एका चॅरिटीत आहे, हे फक्त आपल्याकडचं आहे असं वाटून घेऊ नकोस. ॲम्नेस्टीसारखी जगाला मानवी हक्क शिकवणारी संस्था, 2018 मध्ये त्यांच्या पॅरिस ऑफिसातल्या तीस वर्षांहून जुन्या संशोधकाने आत्महत्या केली, कामाचा ताण आणि पाठीशी कुणी नसणं लिहून ठेवून. मग बाहेरच्या लोकांकडून पाहणी करून घेतली, 2019 च्या अहवालात 39 टक्के कर्मचाऱ्यांनी सांगितलं की इथल्या कामामुळेच शारीरिक किंवा मानसिक आजार जडला. वरिष्ठ मंडळींनी राजीनामे देऊ केले. म्हणजे पगार वेळेवर, कायदे कडक, सगळं असूनही. तू झोपतेस का गं नीट? ते कुणी विचारलंच नाही वर.

सातपुड्याची_लेक
मावशी, नाही झोपत. थँक्यू विचारल्याबद्दल.

अपडेट: मार्कशीट मिळाली! पासपोर्टला लागतेय म्हटलं, ताईंनी लगेच काढून दिली, वर डिंकाचा लाडू दिला, आणि मी खोटं बोलले म्हणून दिवसभर तोंड कडू. पीएफ पासबुक बघितलं, कापलेला आहे पण 24 वर नाही, 12 हजार बेसिक धरून, ताळेबंद सर यात काही करता येतं का? पावत्या भावाला पाठवल्या, 31 निघाल्या.

या महिन्याचे 6 हजार दिलेले नाहीत. मंगळवारची मीटिंग झाली, दादा मला एक शब्द बोलले नाहीत, चहा मात्र स्वतः आणून दिला. आता उद्यापासून तीन दिवस तोरणमाळच्या बाजूला वजनं आहेत, तिकडे रेंज नसते, आल्यावर लिहिते.