प्रति: ४० स्वयंसेवकांना पूर्ण गणवेश कसा परवडेल?

रुग्णालयातल्या तुमच्या ४० स्वयंसेवकांसाठी वर कुणी शर्ट-पँटचा जो जोड सुचवलाय, तो खरंच नको. बिनबाह्यांचं जाकीट पुरतं. कोपराखाली कापड नसलं की हात नीट धुता येतात. ५८ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर-सुती मिश्र कापड घ्या, एका जाकिटाला साधारण एक मीटर. निव्वळ सुती कापड ठाण्याच्या पावसाळ्यात रात्रभरात वाळत नाही, म्हणून मग लोक दमट कपडा अंगावर चढवतात. माणशी दोन, म्हणजे ८० जाकिटं. ८५ मीटर धरा. भिवंडी-उल्हासनगरला ठोकात चौकशी करा, पण अख्खा माल एकाच ताग्याचा किंवा एकाच वेळी रंगवलेला मागा, नाहीतर छटा वेगळ्या निघतात.

बेतण्याआधी कापड रात्रभर भिजवून वाळवा. बाजूच्या शिवणीत इंचभर माया (जादा कापड) ठेवायला सांगा, पुढे उसवून सैल करता येतं. बटणं टिचबटणंच लावा. वेलक्रोत धागे-केस अडकतात आणि महिन्या-दोन महिन्यांत तो धरेनासा होतो.

रंग परिचारिकांपेक्षा वेगळाच हवा. रुग्णाचे नातेवाईक कपडा बघून सलाईन संपल्याचं सांगतात, तो निरोप चुकीच्या माणसाकडे जाता कामा नये. गडद निळा टाळा, ब्लीचने पांढरे डाग पडतात. पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘स्वयंसेवक’ छापा.