टीसीआरमध्ये कंपनीचा संघ नाही, मग कंपनी असते कुठे?

कोरडा_ट्रॅक

टूरिंग कारमध्ये (रस्त्यावरच्या गाड्यांवरून बनवलेल्या गाड्यांच्या शर्यतींत) तेच चक्र पुन्हा पुन्हा दिसतं. नियम सैल झाले की गाड्या बनवणाऱ्या कंपन्या येतात, खर्च फुगतो, कंपन्या निघून जातात, मग नियम आवळले जातात. टीसीआर या स्वस्त नियमावलीने कंपनीचा अधिकृत संघच बाद केला. तरी डब्ल्यूटीसीआरमध्ये (टीसीआर गाड्यांच्या जागतिक मालिकेत) ह्युंदाई, होंडा, ऑडीचे करारबद्ध चालक होतेच की. मग बदललं काय? आणि बीओपी (वेगवेगळ्या गाड्यांचा वेग बरोबरीत आणणारं समायोजन) लावून गाडी ‘हळू करतात’ म्हणजे नेमकं काय करतात?

पिटवॉल

कंपनी गेली नाही, तिची भूमिका बदलली. ती गाडी होमोलोगेट करते (शर्यतीसाठी अधिकृत मान्यता घेते), संघांना विकते, सुटे भाग पुरवते. चालक किंवा अभियंता देते तेव्हाही नोंदणी संघाच्या नावाने असते.

खरा फरक पैसा कुठे मुरतो त्यात आहे. 1990 च्या दशकातल्या सुपर टूरिंग नियमांत इंजिन 2 लिटर, टर्बो नाही, आरपीएम 8500 वर बांधलेले. कागदावर साधंच. पण इंजिन किती खाली आणि मागे सरकवायचं, सिलिंडर हेड कसं घडवायचं, सस्पेन्शनची भूमिती कशी बदलायची, यात वाव होता आणि प्रत्येक दशांश सेकंद विकत घेता येत होता. बीटीसीसीत (ब्रिटनच्या टूरिंग कार मालिकेत) 2000 साली फोर्ड, होंडा, व्हॉक्सहॉल एवढेच उरले आणि पुढच्या वर्षी नवे, स्वस्त नियम आले.

टीसीआरमध्ये 2 लिटर टर्बो, पुढच्या चाकांना ताकद, सुमारे 350 बीएचपी, आणि होमोलोगेशन फॉर्मवर जो भाग आहे तोच लावायचा. एवढं करूनही कुणी वेग शोधलाच, तर तो बीओपीत परत जातो. म्हणून संशोधनावर उधळपट्टी करण्यात अर्थ उरत नाही.

तिसरं_वळण

बीओपीचे तीन स्क्रू असतात: किमान वजन, किमान राइड हाइट (गाडीची जमिनीपासूनची उंची), इंजिनची ताकद (टक्क्यांत, उदा. 97.5). तिघांचा परिणाम सारखा नसतो, आणि चूक होते ती इथेच.

ताकद कमी केली तर सरळ रस्त्यावर तोटा, पण टायर वाचतात. वजन वाढवलं तर ब्रेक आणि पुढचे टायर मार खातात. या गाडीत वळणं, ब्रेक लावणं, ताकद जमिनीवर उतरवणं, सगळं पुढच्या दोन चाकांवर असतं; शर्यतीच्या शेवटी तीच आधी संपतात.

राइड हाइट सगळ्यात फसवी. 10 मिमी उचलली की स्प्लिटर (पुढच्या बंपरखालची आडवी पट्टी) जमिनीपासून दूर जातो आणि पुढचा डाउनफोर्स (हवेने गाडी खाली दाबणारा जोर) घटतो. गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणात भार जास्त सरकतो, आतलं चाक हलकं होतं आणि बाहेर पडताना फिरू लागतं. रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) आणि कॅम्बरही (चाकाचा उभा कल) बदलतात. त्यामुळे नुसती उंची बदलून जुना सेटअप ठेवला तर अंडरस्टिअर (गाडी हवी तेवढी न वळता बाहेर सरकणं) ठरलेलाच. आधी कॅम्बर आणि टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) मोजून घ्या, मग मागचा अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारी दांडी) एक पायरी कडक करून बघा, डिफरन्शियलचा प्रीलोड (दोन चाकांना एकत्र बांधणारा सुरुवातीचा ताण) त्यानंतर. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

खासगी संघाला फटका इथेच बसतो. कंपनीच्या जवळच्या संघाला नव्या उंचीसाठी स्प्रिंग-डँपरचा तयार तक्ता मिळतो, बाकीच्यांचा सरावाचा वेळ तो शोधण्यातच जातो.

जुना_रोलबार

पिटवॉलशी सहमत, फक्त दोन उदाहरणांची भर. 1996 ची आयटीसी (आंतरराष्ट्रीय टूरिंग कार मालिका): 2.5 लिटर इंजिनं, ट्रॅक्शन कंट्रोल, एबीएस, शेवटच्या फेऱ्या थेट इंटरलागोस आणि सुझुकाला. हंगाम संपताच अल्फा रोमियो आणि ओपेल बाहेर, मर्सिडीज एकटी, मालिका बंद. दुसरं, जागतिक टूरिंग कार मालिकेचे 2014 चे टीसी1 नियम. रुंद बॉडी, 18 इंची चाकं, सुमारे 380 बीएचपी. सिट्रोएनने तिन्ही वर्षं चालक आणि उत्पादक दोन्ही किताब नेले आणि 2016 नंतर रामराम ठोकला. 2017 ला होंडा आणि व्होल्वो एवढ्याच कंपन्या उरल्या; 2018 पासून टीसीआर.

बीटीसीसीच्या एनजीटीसी नियमांनी वेगळा मार्ग धरला: गिअरबॉक्स, ब्रेक, सबफ्रेम, ईसीयू (इंजिनचा संगणक) सगळ्यांना एकाच पुरवठादाराचे, आणि स्वतःचं इंजिन नसलेल्यांना भाड्याने टोका (बीटीसीसीच्या आयोजकांचं) इंजिन. कंपनीने पाठ फिरवली तरी गाडी ग्रिडवर राहते. मला हाच हिशेब जास्त पटतो.

पिटवॉल

पटतो, पण तिथेही नियम स्थिर कुठे आहेत? 2022 ला हायब्रिड आणलं आणि विजेत्यांना बॅलास्टऐवजी (मुद्दाम लादलेल्या जादा वजनाऐवजी) हायब्रिडची जादा ताकद वापरण्याचे सेकंद कमी द्यायला लागले. 2024 नंतर हायब्रिडच काढलं. बॅटरी-मोटरचं वजन गेलं की भाराची विभागणी बदलते, म्हणजे सेटअपच्या वह्या निम्म्या बाद. कंपनी नसली तरी बिल येतंच, फक्त ते संघाच्या नावावर.

कोरडा_ट्रॅक

उत्तम माहिती. एक राहिलं: बॅलास्ट नेमका बसवतात कुठे?

तिसरं_वळण

नियमाने ठरलेल्या जागी, शक्यतो चालकाच्या शेजारी, जमिनीलगत, बोल्टने पक्का. चालकाचं वजन एका बाजूला असल्याने दुसऱ्या बाजूचा बॅलास्ट तिरपा भार सावरतो. तो घातल्यावर कॉर्नर वेट (प्रत्येक चाकावरचा भार) पुन्हा मोजा, आणि मोजताना चालकाला सीटवर बसवा. रिकाम्या गाडीचे आकडे इथे कामाचे नाहीत.